आबांबद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

'परमवीर चक्र मिळालेला जवान पोटासाठी रंधा मारतोय, पेन्शन नाही, मुलांनीही टाकलं', असा मेसेज आमच्या आबांच्या फोटोसह दोन दिवस फिरतोय. फोटो मीच काढलाय, गेल्या दिवाळीत, आमच्याच पडवीत. मजकूर मात्र चुकीचा आहे.

आबा बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलात होते, सुतारकामाच्याच ट्रेडमध्ये. १९७१ ला पश्चिम सीमेवर होते. फोटोत दिसतात ती पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. ही त्या युद्धातल्या सेवेची पदकं, शौर्यपदकं नव्हेत. त्या युद्धात परमवीर चक्र चौघांनाच मिळालं: अल्बर्ट एक्का, निर्मलजीतसिंग सेखों, अरुण खेत्रपाल आणि होशियार सिंग. बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे परमवीर होते खरे, पण ते १९४८ च्या लढाईसाठी.

पेन्शन दर महिन्याला येते. पासबुक मीच भरून आणतो. आणि रंधा? तो हौसेने चालतो. सध्या चौथ्या पणतीसाठी सागवानी पाळणा चाललाय. कानामागे पेन्सिल, आणि आजी चहा घेऊन उभी राहिली तरी "एवढा एक सांधा बसवतो" म्हणत अर्धा तास. टाकलेला माणूस असा दिसत नाही.

मेसेजखाली मदतीसाठी दिलेला नंबर आमच्या घरातल्या कुणाचाही नाही. त्यावर पैसे पाठवू नका. ज्यांनी चांगल्या मनाने पुढे पाठवला त्यांच्यावर राग नाही, पण आता तो थांबवा आणि जिथे टाकलात तिथे हा खुलासा टाका. मेसेज वाचून आजी दिवसभर जेवली नाही.