एफडी रिन्यू करायला बँकेत निघालात? मग या टिपा वाचाच

सगळ्यात आधी, बँकेतून "काकू, जरा चहाला या ना" असा फोन आला की लगेच जायचं. एरवी ज्या ब्रँचमध्ये पासबुक प्रिंटिंगचं मशीन कायम बंद असतं, तिथे एसी केबिन, खुर्ची, चहा सगळं मिळतं. तुमची एफडी मॅच्युअर होतेय हे त्यांना तुमच्या मुलांच्या आधी कळलेलं असतं, किती ती आपुलकी!

एफडीऐवजी विमा पॉलिसी पुढे केली तर प्रश्न विचारू नका. बँकेतल्या सरांना वाईट वाटतं.

विमा कंपनीचा व्हेरिफिकेशन कॉल आला की सगळ्याला हो म्हणायचं. ओटीपी तर मागायच्या आतच सांगून टाकायचा.

फॉर्म कोरा ठेवून फक्त सह्या करा, बाकी सर भरतात आणि काय सुंदर भरतात! आमच्या सासूबाई, वय ६४, फॅमिली पेन्शनवर जगतात. गेल्या महिन्यात ६ लाखांची एफडी रिन्यू करायला गेल्या आणि पॉलिसी घेऊन आल्या. हप्ता वर्षाला २ लाख, ७ वर्षं भरायचा, पैसे मिळणार १५ वर्षांनी, म्हणजे त्या ७९ च्या झाल्यावर. फॉर्ममध्ये व्यवसाय लिहिलाय बुटीक! उत्पन्न १२ लाख! अहो त्यांनी जन्मात मशीनवर उशांचे अभ्रे सोडून काही शिवलेलं नाही. ईमेल आयडीपण आहे म्हणे त्यांचा, घरात कोणालाच माहीत नाही, त्यामुळे कंपनीचे मेल कुठे गेले देव जाणे. आणि चौथ्या हप्त्यापासूनचे पैसे कुठून आणायचे ते विचारलं तर आरएम (रिलेशनशिप मॅनेजर, म्हणजे तेच बँकेतले सर) म्हणतो "मॅडम, तेव्हाचं तेव्हा बघू". तेव्हा तू कुठल्या ब्रँचला असशील रे बाबा?

तक्रार करायची असेल तर सावकाश करा. ३० दिवसांचा फ्री लूक असतो, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत, तो संपेपर्यंत साहेब रजेवरच असतात.

सगळ्यात महत्त्वाचं, बँकेला जबाबदार धरू नका. विकताना ते तुमचे सल्लागार, घरच्यासारखे. पैसे अडकले की "आम्ही फक्त कॉर्पोरेट एजंट, पॉलिसी कंपनीची, सही तुमची". येस बँकेचे एटी-वन बॉण्ड, म्हणजे बँक अडचणीत आली की शून्य होऊ शकणारे रोखे, आठवतात? लोकांना 'सुपर एफडी' म्हणून विकले, मार्च २०२० मध्ये ८ हजार कोटींच्या वर रक्कम एका फटक्यात शून्य केली. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने २०२१ मध्ये बँकेला २५ कोटींचा दंड लावला तर त्यालाही स्थगिती. २०२३ मध्ये मुंबई हायकोर्टाने ते शून्य करणं रद्द केलं, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात. पैसेवाले थांबू शकतात हो, पेन्शनवाल्यांनी काय करायचं?

जाऊ दे, नाही जमत मला हे गोड गोड लिहायला. रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्येच ग्राहकांच्या हक्कांची सनद काढलीय, त्यात ग्राहकाला साजेसंच प्रॉडक्ट विकायचं हे स्पष्ट लिहिलंय. चौसष्ट वर्षांच्या बाईला १५ वर्षांची पॉलिसी कुठल्या कोनातून साजेशी आहे? टार्गेट तुमचं, कमिशन तुमचं आणि जबाबदारी मात्र सही करणाऱ्याची? लाज वाटायला हवी. फॉर्मवर खोटं उत्पन्न लिहिणं ही चूक नाही, सरळ फसवणूक आहे.

आणि तुम्हीही, आईवडिलांना केबिनमध्ये एकटं पाठवून मोबाईल बघत बसू नका! पॉलिसी आलीच असेल तर ३० दिवसांच्या आत कंपनीला लेखी कळवा, बँकेला प्रत द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. तोंडी "बघतो" वर उठायचं नाही. बँकेने महिनाभर दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, विमा कंपनीसाठी विमा लोकपाल आहे, ग्राहक आयोग आहे. आम्ही अर्ज दिलाय. साहेब अचानक रजेवरून आलेत.