बेडूक नंबर २७

काल मुलीच्या शाळेच्या नॅशनल पार्कातल्या निसर्ग-शिबिराला व्हॉलंटियर पालक म्हणून जाऊन आलो, डोकं अजून फिरलेलंच आहे. फॉर्म भरले, पहाटे उठलो, बसमध्ये दुसऱ्याच्या पोराची उलटीची पिशवी धरली, सगळं चालेल. पण तिथे जोड्या लावताना मुलं निघाली विषम, त्यामुळे उरलेल्या एकाचा बडी मी. गळ्यात पुठ्ठा, बेडूक गट, नंबर २७. दर अर्ध्या तासाला हजेरी आणि मी, डोक्याला टक्कल पडलेला माणूस, हात वर करून ओरडतोय "सत्तावीस!"

बडीचं वय दहा. त्याने माझं मनगट जे धरलं ते सोडेचना. "काका, तुम्ही हरवलात तर मला विचारतील." गाईडने विचारलं जगातलं पहिलं नॅशनल पार्क कुठलं, मी घसा खाकरेपर्यंत हा म्हणाला, "येलोस्टोन, १८७२." मलाही येत होतं हो!

मग पाय दुखायला लागले म्हणून एका दगडावर टेकलो.

"काका, उठा. दगडफुलावर बसलात तुम्ही."

"शेवाळ आहे रे ते."

"नाही. बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात त्यात. काही काही तर वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत." एवढं बोलून त्याने कंपासमधून पट्टी काढली आणि मी बसलो होतो तिथला ठिपका मधोमधपासून कडेपर्यंत मोजला. "साडेचार सेंटिमीटर. म्हणजे पंचेचाळीस वर्षं तरी. तुमच्यापेक्षा मोठे आहेत ते."

"मी हळूच बसलो होतो."

"वजन किती तुमचं?"

मी पाच किलो कमी सांगितलं. त्याने ते वहीत लिहिलं, पुढे प्रश्नचिन्ह काढलं. "सॉरी म्हणा."

म्हणालो. इकडेतिकडे बघून, दगडाला.

आणि एवढं करून त्या शिबिरात बघायला काय मिळालं, तर वर्कशीट! चार पानं, रकानेच रकाने. वर फांदीवर सुतारपक्षी ठकठकठक करत होता, म्हणजे गाण्याऐवजी ढोल बडवून 'ही जागा माझी' सांगत होता, आणि खाली अख्खा वर्ग माना घालून 'ऐकलेले आवाज' हा रकाना शेजाऱ्याचं बघून भरतोय. बाई म्हणतायत, आधी लिहा, मग बघा. तोपर्यंत पक्षी थांबणारे का? जंगलात आणून पोरांना कागदच वाचायला लावायचे तर वर्ग काय वाईट होता? तोंड वर करून बघणारा एकटा माझा बडी, त्याचं पान कोरं, त्यावर लाल पेनाने 'अपूर्ण'. माझ्यावर बसल्याचा आरोप ठेवणारा कार्टा, पण तेव्हा मला त्याच्यापेक्षा जास्त राग आला.

परतीच्या बसमध्ये मला डुलकी लागली. हजेरी सव्वीसवर अडली, बाई घाबऱ्या झाल्या, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "सत्तावीस झोपलाय. मी धरलंय त्याला."