चाळिशीनंतर स्पोर्ट बाइक विकावी का? फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या काही महिन्यांत एक संदेश मला निदान सहा जणांनी पाठवला. चाळिशी ओलांडलेल्या माणसाने स्पोर्ट बाइक चालवणे ताबडतोब थांबवावे, कारण पुढे वाकून बसल्याने मणके झिजतात, हातांच्या नसा कायमच्या निकामी होतात, प्रोस्टेटचे विकार जडतात आणि वयामुळे प्रतिक्रियेचा वेग निम्म्यावर येतो. शहराच्या वाहतुकीत या गाड्या त्रास देतात, असेही त्यात म्हटले आहे. सरकारही चाळिशीनंतर वैद्यकीय दाखला मागते तो याचसाठी. म्हणून आहे ती गाडी विकून सरळ बसण्याची क्रूझर घ्यावी, असा त्याचा सारांश आहे. शेवटी ‘एका अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला’ असे लिहिलेले असते, पण त्या तज्ज्ञांचे नाव कुठेही नसते.

मी 56 वर्षांचा आहे, पुण्यात राहतो, आणि 2009 साली पहिली स्पोर्ट बाइक, यामाहाची आर-15, घेतल्यापासून आजवर क्लिपऑन हँडलचीच, म्हणजे बुटक्या हँडलची आणि पुढे झुकून बसायची गाडी चालवत आलो आहे. मी डॉक्टर नाही. पण आमच्या रविवारच्या गटातील दोघांनी हा संदेश वाचून गाड्या विकल्या, आणि त्यांपैकी एकाची पाठ तोवर एकदाही दुखलेली नव्हती. त्याने मला ते सांगितले तेव्हा फार वाईट वाटले, आणि तेव्हाच या संदेशातील एकेक दावा नीट तपासून उत्तर लिहायचे ठरवले.

पहिला दावा मणक्यांचा आहे. मणक्यांमधल्या गाद्यांची झीज वयानुसार सर्वांचीच होते आणि जन्मात दुचाकीवर न बसलेल्यांचीही होते. कंबर अजिबात दुखत नसलेल्या 3,000 हून अधिक लोकांच्या स्कॅनचा एक आढावा 2015 साली प्रसिद्ध झाला होता. त्यात विशीतल्या 37 टक्के, पन्नाशीतल्या 80 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 96 टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसली होती. म्हणजे पन्नाशीच्या माणसाचा एमआरआय काढून त्यावर ‘झीज’ हा शब्द दिसला, म्हणून दोष गाडीच्या माथी मारणे हा तर्क मुळातच लंगडा आहे.

पुढे वाकणे वाईट, हे वाक्यही अर्धेच आहे, कारण माणूस कुठून वाकतो यावर सगळे अवलंबून असते. माकडहाडावर बसून पाठीची कमान करत हँडलपर्यंत पोहोचणे वेगळे, आणि कंबर सपाट ठेवून खुब्याच्या सांध्यातून झुकणे वेगळे. पहिल्या प्रकारात कमरेच्या गाद्यांच्या पुढच्या कडेवर दाब येतो आणि तासाभरात पाठ भरून येते. दुसऱ्या प्रकारात धडाचा भार नितंबांच्या आणि पाठीच्या मोठ्या स्नायूंवर जातो. वय वाढले की बहुतेकांच्या मांडीच्या मागचे स्नायू आखडतात, ते ओटीपोटाच्या हाडाला मागे खेचतात, आणि मग खुब्यातून झुकायचे ठरवले तरी माणूस कमरेतून वाकतो. रोज दहा मिनिटे हे स्नायू ताणण्याचा व्यायाम केला तर महिन्या-दोन महिन्यांत बसण्यातला फरक स्वतःला जाणवतो, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक बाब या संदेशाच्या लेखकाला ठाऊक नसावी. उतारवयात अनेकांची मणक्यातील नळी अरुंद होते. अशा माणसाला ताठ उभे राहून चालले की पायांत कळा येतात आणि पुढे झुकले की आराम पडतो. सुपरमार्केटमधली ट्रॉली ढकलत तो सहज फिरू शकतो, ते त्यामुळेच. त्याच्यासाठी किंचित पुढे झुकलेली बैठक सरळ बैठकीपेक्षा सुखाची असू शकते. ज्याची गादी सरकून सायटिका, म्हणजे कमरेतून पायात उतरणारी कळ, सुरू झाली आहे त्याचे नेमके उलटे असते. त्याला वाकणे सोसत नाही, आणि त्याने डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत स्पोर्ट बाइकवर बसू नये, हे मीही ठामपणे सांगेन. दोन दुखण्यांसाठी दोन विरुद्ध सल्ले लागतात. सरसकट सर्वांना एकच सल्ला देणारा संदेश त्यांतल्या एकाचे नुकसानच करतो.

दुसरा दावा हातांचा, आणि यावर मला सविस्तर लिहायचे आहे, कारण वय वाढल्यावर सर्वाधिक लोक गाडी सोडतात ते पाठीमुळे नव्हे, मनगटांमुळे. हाताला मुंग्या येतात हे खरे आहे. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील तर तळव्याच्या बाहेरच्या कडेने जाणारी नस दबत असते. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होत असेल तर मनगटाच्या मध्यातून जाणारी. मनगट वरच्या बाजूला मुडपलेले राहिले की त्या मधल्या नसेवरचा दाब वाढतो, आणि लिव्हर फार वर बसवलेले असतील तर मनगट प्रवासभर तसेच राहते. ब्रेक आणि क्लचचे लिव्हर थोडे खाली फिरवून, बोटांपासून कोपरापर्यंतची रेषा सरळ येईल असे बसवणे हे पान्याने पाच मिनिटांत होणारे काम आहे. ते न करता वर्षानुवर्षे हात चोळत बसलेले लोक मी पाहिले आहेत, आणि पहिली दोन वर्षे मी स्वतः त्यांच्यातच होतो.

मूळ प्रश्न मात्र लिव्हरचा नसून भाराचा आहे. एक चाचणी घरच्या घरी करता येते. गाडी मागच्या पॅडॉक स्टँडवर (मागचे चाक उचलून गाडी सरळ उभी धरणाऱ्या स्टँडवर) उभी करावी, पुढच्या बाजूने कोणाला तरी धरायला सांगावे, नेहमीच्या बैठकीत बसावे, गुडघे आणि मांड्या टाकीला घट्ट टेकवाव्यात, आणि मग दोन्ही तळवे हँडलपासून एक बोटभर वर उचलून तीस सेकंद तसेच राहावे. ज्याला हे जमते त्याचे धड पोट, पाठ आणि मांड्या यांनी तोललेले असते आणि हातांकडे फक्त गाडी वळवण्याचे काम उरते. ज्याचे तळवे पाच सेकंदांत हँडलवर आदळतात तो प्रवासभर दोन मनगटांवर जवळजवळ दंडच काढत असतो. मी 48 व्या वर्षी ही चाचणी पहिल्यांदा केली तेव्हा मला बारा सेकंद जमले होते. आठवड्यातून तीन दिवस प्लँक, बैठका आणि खुब्यातून वाकून वजन उचलणे, एवढ्या व्यायामावर चार महिन्यांत मिनिटभर जमू लागले, आणि साताऱ्यापर्यंत जाऊनही हातांना मुंग्या येणे थांबले.

वयामुळे स्नायू घटतात, मग व्यायामाचा काय उपयोग, असे कोणी म्हणेल. 1990 साली अमेरिकेत मारिया फिअटारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमातील, सरासरी 90 वर्षे वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला होता, आणि व्यायाम पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक वाढली होती. नव्वदीत जे होऊ शकते ते पंचेचाळिशीत होणार नाही, असे मानायला काहीही आधार नाही.

संदेशातील एका निरीक्षणात मात्र तथ्य आहे: शहराच्या वाहतुकीत या गाड्या खरोखर त्रास देतात. ताशी 80-90 किलोमीटरच्या वेगाला छातीवर येणारा वारा धड थोडे वर उचलून धरतो आणि मनगटे मोकळी होतात. कर्वे रस्त्यावर सिग्नलमागून सिग्नल करत वीसच्या वेगाने जाताना तो आधार नसतो, शिवाय दर वेळी ब्रेक लावला की शरीर पुढे फेकले जाऊन सगळा भार तळव्यांवर येतो. घाट उतरतानाही हेच होते. चढताना गाडीवर बसल्याचे भानही राहत नाही इतके सुख असते, आणि खंबाटकीच्या उतारावर तेच हात भरून येतात. तिथे ब्रेक लावण्याच्या आधी मांड्यांनी टाकी आवळायची सवय लावून घ्यावी लागते. रोज ऑफिसला जायला मी स्कूटर वापरतो आणि प्रत्येकाला तेच सुचवतो.

आता ‘कायमच्या निकामी’ या शब्दांविषयी. गाडीवरून उतरल्यावर पाच-दहा मिनिटांत ओसरणाऱ्या मुंग्या म्हणजे नस निकामी होणे नव्हे, पण उतरल्यावरही बधिरपणा राहतो, रात्री हाताच्या बधिरपणाने जाग येते किंवा हातातला कप निसटू लागतो, तेव्हा दुर्लक्ष करू नये. त्या वेळी रक्तातील साखरही तपासून घ्यावी, कारण मधुमेहात नसा लवकर दुखावतात आणि दोष गाडीला दिला की मूळ आजार लपून राहतो. आमच्याच गटातील एका गृहस्थांचा मधुमेह असाच, बोटांच्या बधिरपणाच्या निमित्ताने उघडकीला आला.

प्रोस्टेटचा दावा थोडक्यात निकालात काढता येतो. प्रोस्टेट ग्रंथी वयानुसार वाढते आणि साठीपर्यंत जवळजवळ निम्म्या पुरुषांमध्ये ती वाढलेली आढळते, मग ते बसने फिरोत वा बाइकवरून. अरुंद आणि कडक सीटवर सलग बसल्याने जांघेमधला भाग बधिर होऊ शकतो हे खरे. तो नसेवरच्या आणि रक्तवाहिन्यांवरच्या दाबाचा परिणाम आहे आणि दर वीस मिनिटांनी फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) क्षणभर उठून दाब मोकळा केला की टळतो. लघवीची तक्रार असेल तर मूत्ररोगतज्ज्ञांकडे जावे. आणि हा संदेश फक्त पुरुषांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे हेही नोंदवून ठेवतो. आमच्या गटात आरसी-390 ही स्पोर्ट बाइक चालवणाऱ्या एकोणपन्नास वर्षांच्या एक ताई आहेत, आणि रजोनिवृत्तीच्या काळात हाडांची घनता तपासून घेण्याचा खरोखर उपयोगी सल्ला त्यांना अशा कुठल्याही संदेशातून मिळालेला नाही.

चौथा दावा प्रतिक्रियेच्या वेगाचा. याला उत्तर म्हणून काही मित्र शर्यतपटूंची नावे फेकतात: मॅक्स बियाजी 2012 मध्ये 41 व्या वर्षी सुपरबाइकचा जगज्जेता झाला, व्हॅलेंटिनो रॉसी 2021 मध्ये 42 व्या वर्षापर्यंत मोटोजीपी या जागतिक शर्यत-मालिकेत होता, जॉन मॅकगिनेसने 2015 मध्ये 43 व्या वर्षी आयल ऑफ मॅन बेटावरची सीनियर टीटी ही शर्यत जिंकली. हे सगळे खरे आहे, पण मला हा युक्तिवाद पटत नाही. ती माणसे लहानपणापासून तेच करत आलेली असतात आणि त्यांच्यावरून तुमचे-माझे काही सिद्ध होत नाही. साधे गणित अधिक बोलके आहे. पंचविशीतला आणि पंचावन्नातला माणूस यांच्या साध्या प्रतिक्रियेतील फरक सेकंदाच्या काही शतांश भागांत मोजला जातो. तो 5 शतांश धरला तर ताशी 60 किलोमीटरच्या वेगाला, म्हणजे सेकंदाला सुमारे 16.7 मीटर जात असताना, गाडी मीटरभरही जास्त पुढे जात नाही. समोरच्या गाडीपासून दोनऐवजी तीन सेकंदांचे अंतर ठेवले की याच वेगाला 16 मीटरहून अधिक जागा हाती येते. वयाने हिरावलेल्या मीटरची भरपाई सबुरीने वीसपट होते.

खरी अडचण डोळ्यांची असते, आणि तिच्याविषयी संदेशात अवाक्षर नाही. वय वाढले की अंधारात बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही, समोरून आलेल्या प्रखर दिव्याने दिपलेले डोळे सावरायला वेळ लागतो, आणि मोतीबिंदूची सुरुवात असेल तर प्रत्येक दिव्याभोवती वलय दिसते. मी पन्नाशीनंतर रात्रीचा महामार्ग सोडला. चष्म्याचाही एक बारकावा आहे: पुढे झुकल्यावर आपण डोळे वर करून, काचेच्या अगदी वरच्या भागातून पाहतो, आणि लहान फ्रेम असेल तर तिची वरची कड नेमकी रस्त्याच्या मध्यावर येते. मग ती चुकवण्यासाठी माणूस मान आणखी उचलतो, त्यात हेल्मेटचे दीड किलो वजन, आणि संध्याकाळी मान धरते. उंच काचेची, नाकावर जरा वर बसणारी फ्रेम केल्यावर माझी मानेची तक्रार जवळजवळ गेली. रक्तदाबाच्या आणि सर्दीच्या काही गोळ्यांनी चक्कर वा झापड येते, हेही डॉक्टरांना आपण गाडी चालवतो असे सांगून विचारून घ्यावे.

सरकारी दाखल्याचा संबंध तर उगाच जोडला आहे. चाळिशीनंतर परवान्यासाठी लागणारा हा दाखला, म्हणजे नमुना 1-अ, स्कूटरवाल्यालाही लागतो आणि मोटारवाल्यालाही. त्यात 25 मीटरवरून नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येते का, हातापायांत व्यंग आहे का, असे पाहिले जाते. गाडीचे हँडल उंच की बुटके, याचा त्यात उल्लेखही नाही.

राहिला क्रूझरचा उपाय. ज्यांचे गुडघे झिजले आहेत आणि स्पोर्ट बाइकच्या मागे सरकवलेल्या फूटपेगवर पाय दुमडून बसणे ज्यांना सहन होत नाही, त्यांच्यासाठी तो चांगला आहे, आणि त्यांनी तो संकोच न करता स्वीकारावा. पाठीसाठी मात्र तो रामबाण नाही. पाय पुढे पसरून ताठ बसले की शरीराचा सगळा भार माकडहाडाच्या भागावर येतो, आणि खड्डा दिसला तरी पायांवर जोर देऊन सीटवरून उठता येत नाही, त्यामुळे धक्का सरळ कण्यात जातो; स्पोर्ट बाइकवर पाय शरीराच्या खाली असल्याने तो गुडघ्यांत आणि खुब्यांत जिरवता येतो. पावसाळ्यानंतर ताम्हिणीचा रस्ता दोन्ही प्रकारच्या गाड्यांवरून केलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय महामार्गावर ताठ छातीवर येणारा वारा मागे ढकलतो आणि हँडल ओढून धरत हात व खांदे दमतात.

ज्यांना तरीही गाडी बदलावीशी वाटते त्यांनी शोरूमच्या दारात दोन मिनिटे बसून निर्णय घेऊ नये. नवी गाडी कोणाकडून तरी मागून घेऊन सलग दीड तास चालवावी, दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना कुठे काय दुखते ते लिहून ठेवावे, आणि पुढच्या रविवारी लिव्हर नीट बसवलेल्या, सस्पेन्शन आपल्या वजनाला जुळवून घेतलेल्या आपल्या जुन्या गाडीवर तोच रस्ता, तेवढाच वेळ करून दोन्ही कागद शेजारी ठेवावेत.