दुष्यंत चित्रात नाहीच!

प्रेमचित्रांवरचा लेख छान, पण ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टचं ‘द किस’ (१९०७-०८) म्हणजे प्रेमचित्रांचा कळस, हे त्यातलं म्हणणं काही पटलं नाही. १८० बाय १८० सेंटिमीटरच्या कॅनव्हासवरचा तो सोन्याचा वर्ख डोळे दिपवतो, कबूल. पण चित्रातल्या मिठीत असलेल्या जोडप्यातल्या बाईच्या पावलांकडे जरा बघा. फुलांची हिरवळ संपते त्या अगदी कडेवर ती गुडघे टेकून आहे, पायाची बोटं आखडलेली. पुरुषाचा चेहरा तर धड दिसतही नाही. मला त्यात प्रेमाइतकीच धास्ती दिसते.

त्यापेक्षा राजा रविवर्म्याची शकुंतला घ्या. पायातला काटा काढायचं निमित्त करून मागे वळून बघणारी. कालिदासाच्या नाटकात दर्भ रुतल्याचा बहाणा आहे, तोच हा काटा. गंमत म्हणजे ज्याच्यासाठी एवढं नाटक, तो दुष्यंत चौकटीत कुठेच नाही! तो आपण जिथे उभे तिथेही नाही, कारण ती आपल्याकडे बघतच नाही.

रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या छापील चित्रांमुळे असल्या नायिका घरोघरी भिंतीवर आल्या, देवांच्या तसबिरींच्या शेजारी. आमच्या आजीच्या माजघरात ही शकुंतला होती. ‘काटाबिटा काही नाही गं तिला,’ असं आजी म्हणायची.