दोरा लावू नका, थांबा!

आज दुपारी आयब्रो करायला नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या नेहमीच्या पार्लरमध्ये गेले होते. माझ्या आधी एक मुलगी खुर्चीत बसलेली. तेवीस-चोवीसची असेल. मे महिन्यात लग्न आहे, हॉल बुक झालाय, साड्या व्हायच्यात, असं ताईंशी चाललेलं बोलणं कानावर पडत होतं. ताईंनी दोरा दातात धरला, तिला मान वर करायला सांगितली आणि ती एकदम हळू आवाजात म्हणाली, "हनुवटीवर लेझर केलंय पंधरा दिवसांपूर्वी, पण काहीच फरक नाही हो. उलट केस जास्तच आलेत. काढून टाका सगळे."

मी उठलेच. "ताई, दोरा लावू नका, थांबा!"

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. कुणाच्या हनुवटीबद्दल तिसऱ्याने बोलायचं नसतं, हे मलाही कळतं. पण त्या खुर्चीत मी बसलेली आहे. हेच वाक्य म्हणून बसलेली आहे.

तिला म्हटलं, एक ओला टॉवेल घे आणि हनुवटीवरून हलक्या हाताने फिरव, घासू नकोस. ताईंनी पांढरा नॅपकिन भिजवून दिला. तिने दोनदा फिरवला आणि उलटा करून पाहिला. मिरपूड सांडावी तसे बारीक काळे ठिपके नॅपकिनवर आले होते. एक केस तर तिने चिमटीत धरला आणि तो नुसता निघून हातात आला. दुखलं नाही, टोचलं नाही. ती बघतच राहिली. मग डोळे भरून आले तिचे. "मला तिथं कुणी सांगितलंच नाही हो काकू. मी पंधरा दिवस रोज आरशासमोर रडतेय."

घरी आल्यापासून तेच वाक्य डोक्यात आहे. म्हणून लिहितेय. लांबेल, लांबू दे.

लेझरने केस त्याच दिवशी गायब होत नाहीत. आत मुळाला चटका बसतो, केस तिथंच मरतो, आणि मग त्वचा त्याला हळूहळू बाहेर ढकलते. त्याला एक ते तीन आठवडे लागतात. त्या दिवसांत तो मेलेला केस त्वचेवर आलेला दिसतो आणि आपल्याला वाटतं, वाढला. तो वाढत नसतो, पडायच्या वाटेवर असतो! एवढं एक वाक्य. पॅकेजचे पैसे घेताना, कार्ड स्वाइप करताना, पुढची तारीख लिहून देताना हे एक वाक्य बोलायला कुणाची जीभ झिजते?

सात वर्षांपूर्वी माझं पहिलं सेशन झालं. एकोणिसाव्या वर्षापासून पीसीओडी, म्हणजे हार्मोन्स बिघडण्याचा त्रास आहे मला, हनुवटीवर आणि जबड्याखाली जाड केस. दर आठ दिवसांनी दोरा, मधेच प्लकर, आत वळलेले केस, त्यावर पुळ्या, पुळ्यांचे डाग. ज्यांना आहे त्यांना सांगायला नको. तर एप्रिलमधला मंगळवार होता, दुपारचे साडेबारा. कॉलेज रोडच्या एका क्लिनिकमध्ये गार जेल लावलं, डोळ्यांवर गॉगल चढवला. रबरबँड ओढून सोडावा तशा चटचट टोचण्या, केस जळल्याचा वास, आणि पंधरा मिनिटांत "झालं मॅडम". बर्फ नाही, सनस्क्रीन नाही, एक कागद नाही. मी स्कार्फ गच्च बांधला, स्कूटी काढली आणि निघाले. कॅनडा कॉर्नर, सीबीएस, मुंबई नाका. मुंबई नाक्याच्या सिग्नलला उभी होते तेव्हा स्कार्फच्या आत हनुवटी अशी भगभगत होती की हिरवा कधी झाला ते कळलं नाही, मागचा हॉर्न मारत होता.

सिग्नलचं ते एक मिनिट मी अजून विसरलेले नाही.

लाल होणं, केसाच्या मुळाशी डास चावल्यासारखे बारीक फुगवटे येणं हे ठरलेलंच असतं. त्याला घाबरायचं नाही. काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत बसतं. गार पाण्याची पट्टी ठेवायची, बर्फ असेल तर कापडात गुंडाळून, थेट लावायचा नाही. एक-दोन दिवस कढत पाण्याने अंघोळ नाही, जिम नाही, वाफ नाही, परफ्यूम नाही. स्क्रब, ब्लीच, फेशियल यांच्या तर जवळपासही जायचं नाही. आणि ऊन! कमीत कमी एसपीएफ ३० चं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. आपल्या नाशिकला मार्च-एप्रिलमध्ये सकाळी दहालाच ऊन चढतं, हे त्या क्लिनिकवाल्यांना माहीत नाही का? तेही इथलेच ना!

आजच्या मुलीने तर कहरच केला होता, पण तिची काय चूक? सेशननंतर दोन दिवसांनी रंगपंचमी. भावंडांबरोबर तिवंध्याची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा तो जुना हौद, बघायला गेली. नाशिककर मुलगी रंगपंचमीला घरात थोडीच बसणार? चार तास डोक्यावर ऊन, अंगावर रंग, वर कुणीतरी गालाला कोरडा रंग चोळलेला. "दोन दिवसांनी चालतं ना?" असं तिने रिसेप्शनला फोन करून विचारलंही होतं. तिकडून उत्तर आलं, "हो हो, काही होत नाही."

काही होत नाही म्हणे!

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगते. त्या मंगळवारी रात्री हनुवटीच्या डाव्या बाजूला दोन फोड आले. आई तेव्हा माझ्याकडे होती. तिने बिचारीने हळद-बेसन कालवलं, त्यात लिंबू पिळलं आणि मायेने लावलं. मी लावू दिलं. चार दिवसांत खपल्या धरल्या, आणि त्या पडल्यावर खाली तपकिरी चौकोन उरले. अगदी मशीनच्या तोंडाच्या आकाराचे, स्केलने आखल्यासारखे. क्लिनिकला फोटो पाठवला तर उत्तर, "होतं असं मॅडम, जातं." तिसऱ्या आठवड्यात केस वर आलेले दिसले, मला वाटलं भाजलं तर भाजलं, वर उपयोगही नाही. आणि मी पार्लरला जाऊन दोरा लावून घेतला. त्या डागांवरच.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि रागावल्या नाहीत. शांतपणे समजावलं. लेझर केसातला काळा रंग शोधतो आणि त्याला तापवतो. तोच रंग आपल्या सावळ्या त्वचेतही असतो. म्हणून आपल्यासारख्यांना मशीन कुठलं, सेटिंग किती, हे फार जपून ठरवावं लागतं. १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग म्हणतात ते लेझर सावळ्या रंगाला जास्त सुरक्षित, डायोड हे दुसरं लेझर असेल तर गार करत, बेतानं. उन्हाने रापलेल्या त्वचेवर तर करायचंच नाही. मी तेव्हा रोज स्कूटीवर, रापलेलीच होते! कुणी विचारलंही नव्हतं. फोड आला तर फोडायचा नाही, घरचे लेप लावायचे नाहीत, सरळ डॉक्टर गाठायचा.

आणि दोऱ्याचं. बाई म्हणाल्या, "मुळापासून उपटलात तर पुढच्या वेळी लेझरने काय पकडायचं?" दोन सेशनच्या मध्ये दोरा, वॅक्स, प्लकर तिन्ही बंद. रेझर चालतो. हो, चेहऱ्यावरसुद्धा चालतो, त्याने केस जाड होत नाहीत. हे ऐकून मी त्यांच्या केबिनमध्ये रडले. वीस वर्षं मला सगळ्यांनी सांगितलं होतं की ब्लेड लावलंस तर दाढीच येईल.

त्या चौकोनांना पुसट व्हायला आठ महिने लागले. आठ महिने मी पंख्याखाली बसतानाही ओढणी हनुवटीपर्यंत ठेवायचे.

आता काही जणी म्हणतील, सगळी क्लिनिकं अशी नसतात. नसतात, मान्य. त्याच बाईंकडे मी पुढे सात सेशन केली, एकदाही फोड आला नाही. आणि हो, फॉर्मवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आपणच न वाचता सही करतो. तेही खरं. पण इंग्रजीत चार पानं छापली म्हणजे सांगितलं असं होत नाही. समोर बसवून मराठीत सांगायला पाच मिनिटं लागतात.

आणि ज्या म्हणतील, कशाला करायचे असले उद्योग, देवाने दिलं तसं राहावं, त्यांनी कृपा करून इथे कमेंट करू नये. तुम्हाला लग्नाच्या मांडवात कुणी "हिला मिशा आहेत बघ" म्हटलेलं नाही. जिला ठेवायचे तिने खुशाल ठेवावेत, तिच्या बाजूने मी भांडेन. जिला काढायचेत तिला भाजू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

त्या मुलीला आज मी अजून काही गोष्टी सांगितल्या, इथेही लिहिते. "सहा सेशनमध्ये कायमची सुटका" अशा पाट्या गंगापूर रोडभर आहेत. त्यावर जाऊ नका. अमेरिकेत औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, एफडीए, सुद्धा याला केस कायमचे 'कमी होणं' म्हणतं, कायमचे 'नाहीसे होणं' नाही म्हणत. एका वेळी सगळे केस वाढीच्या अवस्थेत नसतात आणि लेझर लागू पडतो तो वाढत्या केसालाच. म्हणून चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांनी परत परत जावं लागतं. पांढऱ्या केसाला तर काहीच होत नाही, त्यात रंगच नसतो. पीसीओडी असेल तर आतून हार्मोन्स नवे केस उभे करत राहतात. त्याचे उपचार सोबत हवेत, आणि नंतरही वर्षातून एखाद-दोन सेशन लागू शकतात. मला लागतात. काही जणींना जबड्याच्या, मानेच्या कडेने बारीक लव उलट जाड होते. हे क्वचित होतं, पण होतं, आणि तीन आठवडे उलटूनही केस पडले नाहीत, वाढतच राहिले, तर गप्प न बसता डॉक्टरांना दाखवायचं. तिचे पडत होते. आम्ही तिघींनी डोळ्यांनी पाहिले.

पार्लरवाल्या ताई मग म्हणाल्या, "आमच्याकडे लेझर केलेल्या कितीतरी येतात हो, आम्ही लावतो दोरा. आम्हाला तरी कुणी सांगितलं?" त्यांच्यावर मला रागावताच आलं नाही. त्यांनी त्या मुलीकडून पैसे घेतले नाहीत, आणि मी निघताना त्यांच्या वहीत लिहून ठेवलं, लेझरवाल्या मुलींना आधी विचारायचं.

आईलाही मी कधी सांगितलं नाही की त्या लिंबाने डाग वाढले असतील. ती रात्रभर माझ्या उशाशी वर्तमानपत्राने वारा घालत बसली होती. ते मी तिला सांगणार नाही.

लिहिता लिहिता पावणेअकरा झाले. त्या मुलीचा आत्ता मेसेज आलाय, नंबर दिला होता मी. उद्या शालू बघायला मेन रोडला जायचंय, दुपारी बाराला सगळे निघणार आहेत, चालेल का विचारतेय. मी लिहिलं, बाराला नको. त्यांना सांग, संध्याकाळी सहानंतर जाऊ, दुकानं साडेनऊपर्यंत उघडी असतात. आणि कारण विचारलं तर माझं नाव सांग, काकूंनी दुपारी बोलावलंय म्हणावं.