मांसाहारी वाळवण

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये सध्या एक कागद चिकटवलेला आहे. 'गच्चीवर मांसाहारी वाळवण घालू नये.' खाली सही कुणाचीच नाही, पण हा फतवा माझ्यासाठी आहे हे वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. वास्तविक गच्चीवर वाळवण घालायला मी गेलोच नव्हतो. माझा पास्ता गेला होता. तोही स्वतःहून नाही.

नागपुरात मे महिन्यात अंड्याचा पास्ता करता येतो, फक्त घड्याळ समोर हवं. इटलीतलं प्रमाण सोपं आहे: १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं. पण त्यांचं अंडं दणकट. आपल्या नाक्यावरचं अंडं कवचासकट ५० ग्रॅम भरलं तर नशीब, फोडल्यावर उरतं ४५. म्हणून अंडी मोजायची नाहीत, तोलायची. २४० ग्रॅम मैदा, ६० ग्रॅम बारीक रवा, तीन अख्खी अंडी आणि वर दोन बलक. अंड्यांचं वजन १६५ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. नुसत्या मैद्याची पट्टी लेचीपेची होते, रव्यामुळे दाताला काहीतरी लागतं. गोळा आधी फाटतो, खरखरीत दिसतो. लोक नेमके इथेच घाबरून पाणी ओततात आणि मग लाटताना पोळपाट खरवडत बसतात. दहा मिनिटं तळहाताच्या मुळाने रेटून मळायचं. पाच मिनिटांनंतरही कोरडं वाटलं तर चमचाभर पाणी, कारण उन्हाळ्यात आपल्याकडे मैदासुद्धा कोरडा ठणठणीत असतो. मग झाकून अर्धा तास सोडून द्यायचं. मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे चिवटपणा देणारं प्रथिन, ताणलेलं असताना लाटायला घेतलं की लाटणं उचलताच पोळी आक्रसते, आणि आपण उगाच पोळपाटावर राग काढतो.

जाडी एक मिलिमीटर. रुंदीचं मात्र इटलीतल्या बोलोन्या गावच्या लोकांनी फारच मनावर घेतलंय. १६ एप्रिल १९७२ ला तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे तालियातेल्लेची, म्हणजे अंड्याच्या पास्त्याच्या या लांब चपट्या पट्ट्यांची, रुंदी रीतसर नोंदवली गेली: शिजल्यावर ८ मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आसिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग. त्यासाठी सोन्याची पट्टीसुद्धा करून ठेवली आहे. शिजल्यावर पट्टी फुगते, म्हणून कच्ची सात मिलिमीटरच्या आत-बाहेर कापायची. बोलोन्यात एवढं करायला सवड मिळते, कारण तिथे शेजारी आमच्या काकू नाहीत.

कापलेल्या पट्ट्या वीसेक मिनिटं लटकवायच्या, वरची ओल उडेपर्यंत. नाहीतर पाण्यात पडताच त्यांचा गोळा होतो. मी त्या कपडे वाळत घालायच्या स्टँडवर टाकल्या, स्टँड हॉलमध्ये कूलरपासून जरा लांब ठेवला आणि दार उघडं टाकून खाली सिलिंडरवाल्याकडे गेलो. त्याच्याकडे सुटे नव्हते. त्याच्या मित्राकडे होते, पण मित्र पानठेल्यावर होता. वर आलो तर हॉल रिकामा. पास्ता नाही, स्टँडही नाही. लिफ्टच्या दारात एक पिवळी पट्टी अडकलेली.

गच्चीवर काकू डोक्यावर पदर घेऊन उभ्या होत्या. एका बाजूला त्यांच्या कुरडया, दुसऱ्या बाजूला उडदाचे पापड, आणि मधोमध माझा स्टँड. पट्ट्या उडू नयेत म्हणून त्यांना चिमटेसुद्धा लावलेले.

"काकू, हे काय?"

"तेच मी तुले विचारून राहिली बाबू! घरात कूलरसमोर वाळवण घालून राहिला? कूलरच्या हवेनं कधी काही वाळते का? ओलं होते उलटं."

शास्त्र म्हणून हे अगदी बरोबर. कूलरच्या हवेत दमटपणा असतो, म्हणूनच तर पट्ट्या तिथे ठेवल्या होत्या, एकदम वाळून तडकू नयेत म्हणून.

"वीस मिनिटांसाठीच ठेवलं होतं काकू."

"वीस मिनिटात तं माह्या कुरडईची पापणीबी नाही वाळत. आई आहे न गावाले? एक फोन करून विचारायचं. पट्ट्या पाय कशा, एक बारीक, एक रुंद." (बोलोन्याचे लोक हे ऐकायला हवे होते.) "आन् हळद किती टाकली बाप्पा! पिवळंजर्द करून ठेवलं."

"हळद नाही काकू. अंडं आहे."

काकूंनी हात आधी पदराला पुसला, मग पदराकडे पाहिलं आणि तो पदर साडीच्या दुसऱ्या टोकाला पुसला.

"कायचं?"

"कोंबडीचं."

"मले सांगतलं काहून नाही?"

"तुम्ही विचारलंच नाही. थेट नेलं."

"म्हणजे मी माह्या हातानं अंडं गच्चीवर आणलं? पापडाच्या बाजूले?"

"हो."

"त मंग हे तुह्याचमुळे झालं न!"

यावर उत्तर नव्हतं, आणि काकूंना ते नकोही होतं. त्या आता तपासाला लागल्या होत्या. पदराचं टोक हवेत धरून वारा कुठून कुठे जातोय ते त्यांनी बघितलं. वारा स्टँडकडून पापडांकडे होता. कुरडया वाचल्या. पापडांच्या पहिल्या दोन रांगा मात्र वाऱ्याच्या थेट वाटेत आल्या. त्या वेगळ्या काढून सुनेच्या माहेरी पाठवायच्या, असा निकाल तिथल्या तिथे लागला.

तोवर इकडे पट्ट्यांचे तुकडे पडू लागले होते. ४४ अंशांच्या उन्हात पट्टी बाहेरून आधी वाळून आक्रसते, आतला भाग ओलाच राहतो, आणि त्या ओढाताणीत ती तडकते. बोट लावलं की चट्. तडकण्याचंही एवढं नाही. इटलीत असे वेडेवाकडे तुकडे घेवड्याच्या सुपात खुशाल टाकतात. खरी पंचाईत अंड्याची. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर कच्चं अंडं घातलेली वस्तू तासाभराहून जास्त बाहेर ठेवायची नसते, आणि सिलिंडर, सुटे पैसे, तपास, निकाल धरून सव्वा तास होऊन गेला होता. मी सगळं कचऱ्यात टाकलं. त्यावरही काकू ओरडल्याच: "अन्न फेकून राहिला!"

खरं सांगायचं तर मला अजून राग आहे. ज्या गावात रविवारी सावजी मटणाच्या तर्रीसाठी रांग लागते, त्या गावात माझं अंडं गुन्हेगार. याच बिल्डिंगमध्ये निम्म्या गॅलऱ्यांत एकेक छोटी शेगडी आणि 'वेगळा' तवा आहे. रात्री दहानंतर आमलेटचा वास कुठल्या मजल्यावरून येतो ते लिफ्टसुद्धा सांगेल. काकूंना स्वतःला डॉक्टरांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली आहेत. एका अंड्यात अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास बी-१२ असतं, रोजची गरज सव्वादोन-अडीचची. साध्या मैद्या-पाण्याच्या पास्त्यात ते शून्य. १०० ग्रॅम मैदा आणि एक अंडं म्हणजे साधारण ४१५ कॅलरी आणि सोळा ग्रॅम प्रथिनं. तंतू मात्र नावाला, म्हणून सोबत भाजी हवीच. पण हे लिफ्टमध्ये चिकटवायला कागद कोण देणार?

वर्षभर टिकणारं काही हवं असेल तर काकूंची वाट धरावी. सरगुंडे करावेत. काडीभोवती कणीक गुंडाळायची, उन्हात कडकडीत वाळवायचं आणि अक्षय्य तृतीयेला उकडून आंब्याच्या रसात ओरपायचं. त्यात अंडं नाही, म्हणून ऊन चालतं. दुकानातला अंड्याचा कोरडा पास्ता कारखान्यात तापमान आणि दमटपणा सांभाळून वाळवलेला असतो. ती नक्कल घरी करू नये.

घरचा पास्ता फ्रिजमध्ये फार तर दोन दिवस ठेवावा. त्यात तो जरा करडा पडला तर घाबरू नका, हवा लागल्याने रंग जातो. चिकट लागला किंवा वास आला तर मात्र फेका. त्याहून टिकवायचा तर फ्रीजर. रवा भुरभुरून मूठ-मूठभर पट्ट्यांची घरटी करायची (मैदा भुरभुरू नये, पाण्यात त्याची खळ होते), ताटात सुटी गोठवायची, मग पिशवीत भरायची. महिना-दोन महिने मजेत राहतात. दुपारची लाइट गेली आणि घरटी विरघळली तर पुन्हा गोठवू नयेत. शिजवताना गोठलेलीच उकळत्या पाण्यात सोडावीत. १०० ग्रॅमला एक लिटर पाणी, लिटरला १० ग्रॅम मीठ, तेल अजिबात नाही, कारण मग सॉस घसरून ताटात जमतो. ताज्याला दोन मिनिटं, गोठलेल्याला मिनिटभर जास्त. गाळण्याआधी पळीभर पाणी बाजूला काढून ठेवा, त्यातल्या पिठूळपणाने सॉस धरून राहतो.

माझे ओले कपडे सध्या खुर्च्यांवर वाळतात. स्टँड काकूंकडे आहे. "गंगाजल टाकून धुऊन देते," म्हणाल्या होत्या. धुतलाय बहुतेक, कारण काल त्यावर त्यांच्या शेवया होत्या.