जावईबापूंना जागा कमी पडते

मासा टँकच्या मापानेच वाढतो, असं कुर्ल्याच्या मासेबाजारातल्या एका दुकानदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं. आमचा ऑस्कर (हे त्याच्या जातीचंच नाव) तेव्हा दोन इंचांचा होता आणि पाण्याच्या पिशवीत बसून हे सगळं ऐकत होता. पण त्याने ते मनावर घेतलं नाही. पुढच्या गणपतीपर्यंत तो नऊ इंचांचा झाला. मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला, पूर्ण वाढला की फूटभर भरतो, नीट सांभाळला तर दहा-बारा वर्षं जगतो, ही माहिती दुकानदाराने दिली नव्हती. ती हळूहळू ऑस्करनेच दिली. आमचा टँक अडीच फूट लांब आणि फूटभर रुंद. त्यात मागे वळायचं म्हणजे शेपूट कुठे ठेवायची हे त्याला आधी ठरवावं लागतं.

लहान टँकमध्ये मासा लहान राहतो याचा खरा अर्थ एवढाच, की त्याच्याच घाणीने पाणी बिघडतं आणि तो खुरटतो. आम्ही इमानेइतबारे पाणी बदलत राहिलो, त्यामुळे त्याला खुरटण्याची संधीच मिळाली नाही.

‘जावईबापू’ हे नाव आईने ठेवलं. पाणी बदललं, एखादा दगड हलवला की हा तळाशी एका कुशीवर आडवा होतो, एक डोळा वर करून आपल्याकडे बघतो आणि पुढ्यात दाणे पडले तरी तोंड लावत नाही. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मुलीने रडून घर डोक्यावर घेतलं. ऑस्कर रुसतात, जातीचाच गुण आहे, हे नंतर कळलं. आईला मात्र लगेच उमगलं होतं. “धोंड्याच्या महिन्यात अनारसे तेहेतीसाला एक कमी भरला, तर आमच्या माहेरचे थोरले जावई अगदी अस्सेच पडायचे,” ती म्हणाली. सोबतीला म्हणून आणलेले निऑन टेट्रा नावाचे इवले मासे पहिल्याच आठवड्यात दिसेनासे झाले. ते कुठे गेले याची चौकशी कुणी केली नाही. जावयाला असले प्रश्न विचारत नाहीत.

तर जावईबापूंना जागा कमी पडायला लागली.

आता जागा आमच्याकडे कुणाला कमी पडत नाही? डोंबिवलीतला वन बीएचके, कार्पेट चारशे तीस चौरस फूट. मुलीला अभ्यासाचं टेबल हवंय. आईला देव फ्रीजवरून खाली आणायचेत. बायकोला एक, निदान एक, असं कपाट हवंय ज्याचं दार उघडल्यावर डोक्यात काही पडणार नाही. या सगळ्या मागण्या वर्षानुवर्षं ‘बघू’ या खात्यात पडून आहेत. जावईबापूंचा अर्ज मात्र थेट पुढे सरकला. कारण ते मागत काहीच नाहीत. मी कामावरून आलो की काचेला तोंड लावून उभे राहतात, आणि मी चपला काढून, हात-पाय धुऊन, चहा घेऊन येईपर्यंत तिथेच असतात. या घरात माझी एवढी वाट आणखी कुणी बघत नाही, हे मी एकदा बोलूनही दाखवलं. त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

मी चार बाय दोन बाय दोन फुटांच्या टँकचा विषय काढला तेव्हा बायकोने आधी अभ्यास केलेला निघाला. “एक इंच माशाला चार लिटर पाणी. असा नियम आहे. मुलीने दाखवला. नऊ इंचांना छत्तीस लिटर. आपला टँक नव्वद लिटरचा आहे. उलट जागा शिल्लक आहे.”

“अगं, तो नियम बोटाएवढ्या माशांचा. लांबी दहापट झाली की वजन हजारपट होतं. दहा इंचांचा एक मासा म्हणजे एकेक इंचाचे दहा मासे नव्हेत.”

“मग एक इंचाचेच आणायचे होते.”

मी दुसरा मुद्दा काढला, आणि तो शंभर टक्के खरा आहे: मोठा टँक सांभाळायला सोपा. पाणी जास्त असलं की घाण विरळ होते, तापमान चटकन वरखाली होत नाही, वीज गेली तरी मासा लगेच धापा टाकायला लागत नाही. हौशी लोकांत हे सगळ्यांना ठाऊक असतं. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मोठं घरसुद्धा सांभाळायला सोपंच असतं, अहो. पसारा विरळ होतो.”

यावर हौशी लोकांकडेही उत्तर नसतं.

पण मुलगी माझ्या बाजूने होती, त्यामुळे ‘घ्यायचा का’ हा प्रश्न बाजूला पडून ‘ठेवायचा कुठे’ यावर चर्चा आली, आणि निम्मं काम झालं असं मला वाटलं. चार बाय दोन म्हणजे आठ चौरस फूट. “फुटाला दहा हजार धरले तरी ऐंशी हजारांची जागा झाली,” बायको म्हणाली. “अख्ख्या घरात माझ्या नावावर एक हुक आहे.”

नेमकी त्याच आठवड्यात मावशी राहायला आली. मावशीचा वास्तुशास्त्राचा दांडगा अभ्यास आहे. पाणी ईशान्येला हवं, तिने सांगितलं. आमच्या ईशान्येला मोरी आहे. म्हणजे पाणी आहेच, पण मावशीला ते चालेना. बरं, भिंत पाडून ईशान्य मोकळी केली, तरी शास्त्र असंही सांगतं की ईशान्य हलकी ठेवावी, जड वस्तू नैर्ऋत्येला. “मग साडेचारशे लिटर पाणी ईशान्येला ठेवायचं की नैर्ऋत्येला?” मुलीने विचारलं. मावशी बराच वेळ विचारात पडली. मधोमध ठेवावं तर ते ब्रह्मस्थान, तिथे काहीच ठेवायचं नाही. शेवटी ती म्हणाली, “मासा लहान घ्या.” बाल्कनीचा पर्याय मी स्वतःच बाद केला. उन्हात आठवड्याभरात इतकं शेवाळ धरतं की आत मासा आहे की नाही हे विश्वासावर मानावं लागतं.

राहिली टीव्हीची भिंत. पण ती वार्ता खालच्या मजल्यावर माझ्याआधी पोहोचली.

खालचे काका निवृत्त इंजिनिअर. उभं आयुष्य सरकारी पूल आणि मोऱ्या तपासण्यात गेलं; आता हाताशी पूल नाहीत, पण तपासणी सुटलेली नाही. पेन्सिल आणि पाठकोरा कागद घेऊन ते संध्याकाळी वर आले. “पाणी साडेचारशे किलो. काच बारा एमएमची, ती नव्वद किलो. खाली रेती, दगड, स्टँड. सहाशेच्या पुढे जातोस बाबा तू. ते सगळं पाऊण चौरस मीटरवर. इमारतीवरच्या ओझ्याचं मानक, आयएस ८७५, काय सांगतं? राहत्या खोलीला चौरस मीटरमागे दोनशे किलो. तू चौपट टाकतोयस. माझ्या डोक्यावर.”

“पण काका, ते दोनशे सबंध खोलीभर धरलेले असतात ना? आणि ह्या भिंतीखाली बीम आहे.”

काकांनी भिंतीकडे पाहिलं. बीम त्यांनाही दिसत होता. त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली. मला जरा उत्साह आला. “आणि सत्यनारायणाला ह्याच हॉलमध्ये चाळीस माणसं बसली होती. दोन-अडीच हजार किलो झाले की! तुम्हीही होतात.”

“माणसं प्रसाद घेऊन जातात,” काका म्हणाले. “टँक जात नाही.”

हा विनोद नव्हता. काँक्रीटवर कायमचं ओझं राहिलं तर ते वर्षानुवर्षांत किंचित वाकत जातं, हे त्यांनी आकृती काढून समजावलं, आणि आकृतीत खाली एक छोटा माणूसही काढला. मग गळतीचा विषय निघाला. मुलीने तेवढ्यात हिशोब केला: सगळा टँक फुटून पाणी घरभर सारखं पसरलं तरी उंची भरते अकरा मिलीमीटर. “२६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलीमीटर पडला होता, आजोबा. त्यामानाने काहीच नाही.” काकांना हा युक्तिवाद का कोण जाणे आवडला नाही. जाताना म्हणाले, “घे, पण बीमला चिकटून ठेव, आणि रात्री झोपेत मला काही ऐकू आलं तर आधी तुझ्याकडे येईन.” ही सोसायटीतली ना हरकत. याहून स्वच्छ मिळत नाही.

पाण्याचा प्रश्न मला स्वतःला सुटत नव्हता. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे एकशे दहा लिटर. बादल्या सहा-सात, त्याही क्लोरीन उडावा म्हणून आदल्या रात्रीपासून भरून ठेवलेल्या. तीन मजले उतरायचे नाहीत एवढंच सुख. शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. “म्हणजे घरात आणखी एक माणूस आला समजा,” बायको म्हणाली, “आठवड्यातून एकदा अंघोळ करणारा.” बदललेलं पाणी झाडांना उत्तम खत असतं हे मी सांगितलं. आमच्याकडे एक तुळस आणि एक मनीप्लांट आहे. त्या दोघांना मिळून एकशे दहा लिटर.

आणि टँक आला म्हणून जावईबापूंना लगेच गृहप्रवेश करता येत नाही. माशाच्या मलमूत्रातून अमोनिया होतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. पहिले दोन विष, तिसरं त्यामानाने सौम्य. हे जिवाणू फिल्टरमध्ये मुक्कामाला यायला चार ते सहा आठवडे घेतात. जुन्या फिल्टरचा मळका स्पंज नव्यात ठेवला तर बरंच लवकर येतात, पण हे सांगायच्या आधीच बायकोने विचारलं, “म्हणजे महिना-दीड महिना पाहुण्यांना नुसतं पाणी दाखवायचं?”

मग ‘देऊन टाकू’ हाही विचार झाला. दुकानदार म्हणाला, “आणा, परत घेतो. पैसे मिळणार नाहीत. आणि हो, आमच्याकडेही आता याला मोठा टँक लागेल.” आईने सुचवलं, तलावात सोडा, पुण्य लागेल. तिला उजनीच्या धरणाची गोष्ट सांगितली. टँकच्या काचा चाटणारे सकर मासे असेच कुणीतरी पाण्यात सोडतं, ते तिथे वाढतात आणि मच्छीमारांच्या जाळ्यात चिलापीऐवजी तेच निघतात. आई म्हणाली, “खातात का ते?” मी नाही म्हटलं. “मग काय उपयोग,” ती म्हणाली आणि चष्मा पुसून टँककडे वळली. “हा किती भरेल रे? अर्धा किलो?”

आमच्या घरी रविवारी सुरमई नाहीतर हलवा येतो, हे जावईबापूंना आम्ही कळू दिलेलं नाही. बायकोला हा दुटप्पीपणा मंजूर नाही. “एका माशासाठी पन्नास हजार द्यायला निघालात. दुसऱ्याच्या तुकड्यामागे कोळणीशी पाच रुपयांसाठी घासाघीस करता.” चिलापी तर ऑस्करच्याच कुळातली. आई चिलापी कधी आणत नाही, चिखलाचा वास येतो म्हणून, पण आता हा सोवळेपणा तिने नातेसंबंधांच्या खाती जमा करून घेतलाय.

अशा सगळ्या अडथळ्यांत प्रकरण रखडलं होतं, आणि मी जवळजवळ सोडून दिलं होतं. रात्री दुकानातून मिळालेलं माहितीपत्रक दिवाणावर पडलं होतं. बायकोने सहज उचललं. टँकचं चित्र तिने पाहिलंच नाही. तिचं बोट खालच्या स्टँडवर थांबलं.

“हे खाली काय असतं?”

“स्टँड. बंद कपाटासारखं. दारं असतात. आत कॅनिस्टर फिल्टर ठेवतात.”

“किती मोठा असतो तो फिल्टर?”

“असेल, छोट्या बादलीएवढा.”

“आणि हे बाकीचं?”

चार फूट लांब, दोन फूट खोल, अडीच फूट उंच. वीस घनफूट. तिने तोंडीच गुणाकार केला. मला कागद लागला असता. मग उठून टेप आणली आणि टीव्हीच्या भिंतीला लावली. रात्री साडेदहा वाजता आमच्या हॉलमध्ये प्रथमच काहीतरी ठरत होतं. इडलीपात्र, मोठा कुकर, फराळाचे डबे, आकाशकंदील, मखराचे तुकडे, मुलीची जुनी पुस्तकं, इस्त्री. उजवीकडे एक कप्पा मला ‘तुमच्या त्या फिल्टरसाठी’ देण्यात आला, आणि त्यातही वर एक फळी मारून तिथे पोळपाट बसतो का हे बघायचं ठरलं. देव फ्रीजवरून उतरून स्टँडच्या डाव्या टोकाला बसतील का, हे आईने आतून विचारलं. ती जागी होती हे आम्हाला माहीत नव्हतं.

रविवारी सुतार आला. बायकोने त्याला माप सांगितलं, प्लाय एकोणीस एमएमचा, तोही वॉटरप्रूफ, बिजागऱ्या मऊ बंद होणाऱ्या, आणि मधे दोन उभ्या फळ्या, कारण वरून वजन सहाशे किलो येईल. सुताराने पेन्सिल खाली ठेवली.

“सहाशे? ताई, वर ठेवणार काय?”

“ते अजून ठरायचंय,” बायको म्हणाली. “तुम्ही कपाट करायला घ्या.”